वारवाराच्या उशीचं गाणं

इटलीत पादोव्याला वस्तीला असलेली, वयाने माझ्याहून चार वर्षांनी धाकटी आणि हट्टाने चाळीस वर्षांनी थोरली बहीण वारवारा, हिला आक्सेनियाचा आशीर्वाद, आणि परदेशी राहतेस म्हणून वर एक मानाचा नमस्कार. इकडे सगळे ठीक आहोत. तुझे गुडघे कसे आहेत, तू सांभाळतेस त्या म्हातारीचे गुडघे कसे आहेत, आणि तुम्हा दोघींपैकी कोण कुणाला जिना चढवतं, ते कळव. माझे गुडघे उत्तम आहेत, फक्त चालताना दुखतात. शेळी व्याली. दोन पिल्लं आहेत, त्यातलं एक अगदी तुझ्यावर गेलं आहे, हाक मारली की पाठ फिरवतं.

हे पत्र माझी सून लिविया लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे तुला माहीतच आहे. तू शाळेत जायचीस तेव्हा तुझ्या वाटणीची गुरं घेऊन मी उलट्या दिशेला जात होते (हा टोमणा नाही. लिविया, 'टोमणा नाही' असंही लिही). लिविया आता गावच्या शाळेत मास्तरीण आहे, त्यामुळे मी बोलते एक आणि ती लिहिते नीटनेटकं दुसरंच, असा मला संशय आहे. मी दोन शब्द बोलते तेव्हा तिच्या पेनाचा आवाज सहा शब्दांचा येतो. वाचून बघायची सोय नाही, म्हणून जे काही वाईट वाटेल ते तिचं समज आणि चांगलं ते माझं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हे पत्र समेटासाठी नाही. अकरा वर्षं आपण एकमेकींशी बोललो नाही, आणि आता दोघींना त्याची सवय झाली आहे. या वयात सवयी मोडू नयेत. दर नाताळला पार्सलच्या मिनीबसमधून लिवियाला कॉफीचा डबा येतो, त्यावर पाठवणाऱ्याचं नाव नसतं. मी ती कॉफी पिते, पण कुणाचंही नाव न घेता पिते. तरीही हे पत्र लिहवून घेते आहे, कारण तुझं नाव यंदा युरोपभर गाजलं. घरातली गोष्ट तिऱ्हाइताकडून कळू नये एवढाच हेतू.

आता रीत तुला सांगायला नको, पण लिविया शहरातली. तिला ती नीट समजलेली नाही, म्हणून तिच्याच हाताने लिहवून घेते. रुखवत निघतं तेव्हा मुलीकडच्या बाया उशा, रजया, गालिचे डोक्यावर घेऊन अंगणात नाचतात, आणि मुलाकडच्या बाया त्या रुखवताला नावं ठेवत दोन-दोन ओळी फेकतात. जिला लागेल तिने तिथल्या तिथे दोन ओळी उलट फेकायच्या. फेकल्या की दोघींनी एकाच पेल्यातून वाइन प्यायची आणि विषय संपला. नाही फेकल्या, तर त्या ओळी अंगाला चिकटून राहतात. जिच्यावर फेकल्या तिच्या नव्हे, जिने फेकल्या तिच्या. तुझ्या ओलिंपियाच्या लग्नात मी मुलीची मावशी. माझं काम तुझी बाजू राखायचं. पण मुलाकडच्या बाया राजधानीतल्या, हातात फोन धरून उभ्या, जशा काही बसची वाट बघताहेत. वाजंत्री वाजवून वाजवून दमले. रुखवत असं मुकाट निघालं तर त्यात आणि मयतात फरक काय? कुणीतरी सुरुवात करायला हवी होती. मी केली:

वारवाराच्या उशीत गं कोंबडीची पिसं,
पहाटे उशीच आरवली, जावयानं निजावं कसं?

(कोंबडी आरवत नाही, कोंबडा आरवतो, हे मलाही कळतं. पण कोंबड्याला घातलं की ताल बिघडत होता.) अख्खं अंगण हसलं. त्या फोनवाल्यासुद्धा हसल्या. ढोलवाल्याने तुझ्या उत्तरासाठी आठ ठोके सोडले. तू माझ्याकडे बघितलंस. मग माझ्या नवऱ्याकडे, हारालाम्पीकडे बघितलंस. तो त्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळलेला होता, आणि लग्न बघायचंच म्हणून त्याला खुर्चीसकट उचलून अंगणातल्या उन्हात बसवलं होतं. तू तोंड उघडलंस, मिटलंस आणि स्वयंपाकघरात निघून गेलीस. पुढच्या आठवड्यात इटलीला. मी म्हटलं, उत्तर सुचत नाही म्हणून माणसं विहिरीपर्यंत जातात, ही बाई सरहद्दी ओलांडून गेली. त्या दिवसापासून त्या दोन ओळी माझ्यापाशी आहेत.

आता गाण्याचं ऐक. गेल्या सप्टेंबरात, द्राक्षं तोडायची ऐन घाई, आणि राजधानीतून इलारिओन नावाचा एक गाणी रचणारा दारात. दाढी पुजाऱ्यासारखी, कानात बाळी सुनेसारखी. युरोपातल्या त्या टीव्हीवरच्या गाण्यांच्या स्पर्धेत देशातर्फे गाणं पाठवायचं आहे, त्यासाठी जुनं, अतिशय जुनं, दुःखी गाणं हवं, असं त्याचं म्हणणं. सरपंचाने त्याला माझ्याकडे पाठवलं, कारण गावात जुनी आणि दुःखी अशी मीच दिसते म्हणे. मी त्याला अंगाई म्हणून दाखवली. तो झोपला. उठल्यावर म्हणाला, आणखी काही आहे का? मी मयतावर रडायची गाणी म्हटली. त्यावर त्याने दोन वाट्या सूप मागून घेतलं. शेवटी कंटाळून, त्याच्या टोपलीतली द्राक्षं माझ्या टोपलीत ओतता ओतता, मी तुझ्यावरच्या त्या दोन ओळी फेकल्या. तो ताठ बसला. हे किती जुनं आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, अकरा वर्षांचं. तो माझ्या विनयावर हसला आणि वहीत 'हजार वर्षं' असं लिहिलं. वारवारा कोण? म्हटलं, बहीण. त्याने लिहिलं, 'पहाटेची देवी असावी.' लिवियाने ते वहीत डोकावून वाचून मला सांगितलं आणि त्याला खरं काय ते सांगू लागली. मी तिला थांबवलं. आपल्या घराण्यात देवी कुठून यायला, फुकट मिळते आहे तर नाही कशाला म्हणा.

तर अशी तू देवी झालीस. गाणं म्हणायला मेलानिया नावाची मुलगी निवडली. आवाज चांगला, पण शाळेत शिकलेला. ती त्या ओळी अशा म्हणायची की जणू उशी मेली आहे आणि ती तिच्या पायथ्याशी बसली आहे. चार दिवस आमच्याकडे राहिली. मी तिला सांगितलं, बाई गं, ओळ गायची नसते, फेकायची असते. शेजारणीच्या अंगणात कचरा टाकतो तशी, सहज, भलतीकडे बघत. तिसऱ्या दिवशी तिने कोंबड्यांना दाणे टाकता टाकता कुंपणापलीकडच्या बाईवर अशी फेकली की ती बाई आजतागायत माझ्याशी बोलत नाही. म्हटलं, आता तयार झाली.

भांडण झालं ते मोकळ्या जागेवरून. आपल्या दोन ओळी संपल्या की आठ ठोके सोडायचे, उत्तरासाठी. इलारिओनने त्या जागी एक विजेवरचं वाद्य घातलं होतं, दाढ दुखणाऱ्या लांडग्यासारखं ओरडणारं. मी म्हटलं, काढ. तो म्हणाला, स्पर्धेत गाण्याला तीन मिनिटं मिळतात, त्याच्यावर एक क्षण नाही; त्यातलं एवढं वाया घालवायचं? (तीन मिनिटांत आपल्याकडे पाहुण्याचं 'नको नको'सुद्धा पुरं होत नाही, त्यात गाणं कसलं बसवतात कोण जाणे.)

"आजी, युरोपातली माणसं तेवढ्यात चॅनेल बदलतात."

"बदलू देत. ती जागा माझी नाही, तर तुला कुठून देऊ?"

"मग कुणाची आहे?"

मी म्हटलं, देवीची. त्यावर त्याने ते वाद्य काढलं, कारण देवी त्यानेच काढली होती. तेव्हापासून गाण्यात त्या आठ ठोक्यांना नुसता ढोल वाजतो, बाकी सगळे गप्प. राजधानीत निवड झाली तेव्हा परीक्षकांपैकी एकाने म्हटलं, ही शांतता फार खोल आहे. मला काही वाटलं नाही, मी अकरा वर्षं तीच ऐकते आहे.

मग आमच्या गावाला स्पर्धेचा ताप चढला. सरपंचाने बस थांब्यावर उशी रंगवून घेतली. ती उशी आहे हे खाली लिहावं लागलं, कारण लोकांना ती चीजची वडी वाटत होती. पुजाऱ्याने प्रवचनात देवीचा निषेध केला आणि प्रार्थना संपल्यावर अंगणात मेलानियाबरोबर फोटो काढून घेतला. आणि मग लिवियाने नियम वाचून दाखवला की आपल्या देशातल्या माणसांना आपल्याच गाण्याला मत देता येत नाही. गावात सुतक पडलं. म्हणजे आपल्या लेकीसाठी जगातल्या कुठल्याही घरात शब्द टाकायचा, फक्त आपल्या घरात नाही. पण दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की अर्धं गाव तर गावात नाहीच. ज्या दिवशी कुणाची मुलगी इटलीत आणि जावई जर्मनीत याचं रडणं थांबून मोजणं सुरू झालं, तो पहिलाच दिवस. जो तो फोनला चिकटला. अकरा-अकरा वर्षं आईला फोन न करणाऱ्यांनाही आयांचे फोन गेले. मी कुणाला फोन केला नाही. मला फोन लावता येत नाही, आणि लिविया विचारत होती तेव्हा मला ऐकू येत नव्हतं.

आता उशांचं सांगते. माणसं सहाच चालतात रंगमंचावर, आणि जिवंत प्राणी अजिबात नाही (इलारिओनला कोंबडी न्यायची होती, कोंबडी नशिबाने वाचली). म्हणून मग उशा हव्या होत्या, पण खऱ्या, रुखवतातल्या, हातशिलाईच्या. मी बैठकीच्या बंद खोलीतल्या चळतीतून दोन काढून दिल्या. कुठल्या, ते तुला आठवेल. हारालाम्पीच्या. त्या हिवाळ्यात त्याच्या पाठीला जखमा झाल्या, काहीही टोचायचं, रात्रभर कण्हायचा. तेव्हा तू दोन उशा आणून टाकल्यास, म्हणालीस की जुन्याच आहेत, कोंबडीच्या पिसांच्या, फेकणारच होते. मी घेतल्या. उचलताना अगदी हलक्या लागल्या. मला वाटलं, पिसं कमी भरली आहेत, हात आखडता घेतला बयेने. लपवत नाही, त्या उशांवरूनच मला लग्नात ती ओळ सुचली. हारालाम्पी मात्र त्यांच्यावर पहिल्यांदा झोपला. ईस्टरनंतर गेला, तोही झोपेतच गेला. तेव्हापासून मी त्या उसवल्या नाहीत, धुतल्या नाहीत. देताना मेलानियाला एवढंच म्हटलं की परत आण.

स्पर्धेच्या दिवशी सगळं गाव संस्कृती भवनात मोठ्या पडद्यासमोर. मला पहिल्या रांगेत खुर्ची, पाठीशी गादी, जसं काही मीच जाणार विमानाने. सगळ्या देशांची गाणी झाली. एकाने आग लावून घेतली, एकजण पाण्यात उभा राहून गात होता, आईबापांना काय वाटत असेल देव जाणे. मग आपली आली. ढोल वाजला. मेलानियाने पहिल्यांदा फेकली ती बरी. दुसऱ्यांदा फेकली ती अशी की माझी मीच मागे सरकले. आणि मोकळ्या जागेला, आठ ठोक्यांत, नाचणाऱ्या पोराला तिने उशी हाणायची होती, ती तिने जीव खाऊन हाणली, आणि अकरा वर्षांची शिवण उसवली.

वारवारा, पिसं पडली नाहीत.

तुला कळलं असेल मला काय म्हणायचं आहे. लिवियाला समजावं म्हणून सांगते. कोंबडीचं पीस वाकडं आणि जड, ते पडतं. हंसाच्या पोटाखालची लव पडत नाही, ती आधी वर जाते आणि मग तिथेच विचार करत राहते. अख्ख्या रंगमंचावर ती पांढरी लव नुसती तरंगत होती. निवेदक म्हणाला की बर्फाचा हा चमत्कार तांत्रिकदृष्ट्या विलक्षण आहे. पडद्यावर लोक टाळ्या वाजवत होते, भवनात लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी आयुष्यात पंचेचाळीस वर्षं हंस सोलले आहेत. त्या दोन उशा भरायला बारा हंसांची लव लागते. आणि तुझ्याकडे हंस मोजून बाराच होते, ओलिंपियाच्या रुखवतासाठी राखलेले.

म्हणजे तिच्या रुखवताच्या उशा कोंबडीच्या होत्या हे मी बरोबर ओळखलं होतं. त्या कोंबडीच्या का होत्या, एवढं फक्त विचारायचं राहिलं. आणि म्हणजे त्या दिवशी अंगणात तुला उत्तर सुचलं नाही असं नव्हे. उत्तर तुझ्या जिभेवर होतं, त्याच्यापुढे माझ्या दोन ओळी चुलीत घालायच्या लायकीच्या. अख्खं गाव माझ्यावर हसलं असतं आणि जन्मभर हसलं असतं. पण तो खुर्चीत बसला होता, मान टेकून, तीच उशी डोक्यामागे. तू त्याच्याकडे बघितलंस आणि गिळलंस. मी त्याला तुझा हट्ट समजले. तसा तो हट्टच आहे म्हणा, पण जरा बऱ्या जातीचा.

मी रडले नाही. लव नाकात गेली की डोळ्यांना पाणी येतं, आणि तुझी लव टीव्हीतूनसुद्धा येते.

मेलानिया सव्विसांत एकोणिसावी आली. परीक्षकांनी भिकाऱ्याला टाकावेत तसे दोन-चार गुण टाकले. रोमानियाने दिले ते शेजारधर्माला धरून. पण जनतेची मतं आली तेव्हा इटलीच्या जनतेने पूर्ण बारा दिले, त्यांच्याकडचे सगळ्यात जास्त. निवेदकाने इटालियन माणसाच्या कानाची फार तारीफ केली. इटलीतली माणसं कशी असतात मला माहीत आहे, त्यातली निम्मी आपल्या चर्चमागची. एका फोनवरून वीस मतं देता येतात म्हणे. तू दिलीस का, असं मी विचारत नाही. एकोणिसावी आली, म्हणजे कुणीतरी नक्कीच एकोणीस देऊन विसावं हट्टाने राखलं असेल एवढंच मनात येतं.

इलारिओन आता मोठा माणूस झाला आहे, मुलाखती देतो, देवीबद्दल पुस्तक लिहिणार आहे. तुला भेटायला आला तर गुडघ्यांबद्दल बोलू नकोस.

बाकी सगळं क्षेम. पीचची झाडं यंदा भरली आहेत. ग्रिगोरे रविवारी मिनीबस घेऊन निघतो, त्याच्याबरोबर हे पत्र, आक्रोडाचा मुरंबा आणि मेंढीचं चीज पाठवते आहे. तिथल्या म्हातारीला जपून दे, दात असतील तर. आपली जपणूक कर. जास्त लिहवत नाही, लिवियाचा हात दुखला असेल, आणि माझी लाजसुद्धा.

तुझी थोरली,
आक्सेनिया

ता.क. मुरंब्याची बरणी परत पाठव. काचेच्या बरण्या इथे मिळतात, पण ती माझी आहे.

ता.क. आणखी एक, सहज आठवलं म्हणून. ऑक्टोबरात, द्राक्षं उतरली की, आपल्या कोरिनाचं लग्न आहे. (लिविया डोळे वटारून बघते आहे. स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण लिहिताना आयांचं पेन अडतंच. लिही म्हणते ना.) मुली काय, बघता बघता वाढतात. रुखवत निघेल, ढोल असेल, हा आमंत्रणाचा शब्द. लांबचा प्रवास आहे, जमलं तर ये, नाही जमलं तर उत्तर ग्रिगोरेबरोबर पाठव. पण तोंडी आणलेलं चांगलं. मी त्या दोन ओळी पुन्हा फेकेन, अगदी शब्दाशब्दाने, आणि ढोलवाल्याला बजावून ठेवलं आहे की आठ नव्हे, तू म्हणशील तेवढे ठोके सोड. सगळ्या गावासमोर फेक. राखून ठेवू नकोस. मी हसेन असं नाही, पण पेला मीच भरेन.

ता.क. लिविया म्हणते कागद संपला. म्हणजे पुरे.

मावशी, कागद संपलेला नाही, सासूबाई शेळीकडे गेल्या आहेत म्हणून लिहिते. ऑक्टोबरात कुणाचंही लग्न नाही. कोरिना चौदा वर्षांची आहे. तुम्ही गेलात तेव्हा ती तीन वर्षांची होती, हे तुमच्या लक्षात येणारच, आणि ते तुमच्या लक्षात येईल हे सासूबाईंच्या लक्षात नाही असं समजू नका. त्यांनी ढोलवाल्याला खरोखरच सांगितलं आहे. मेलानियाने उसवलेली उशी आणि कोपऱ्या-कोपऱ्यांतून गोळा केलेली लव पिशवीत घालून परत दिली. त्यांनी ती काल दिवसभर दार लावून भरली आणि शिवली, आणि तुम्ही आलात की निजाल त्या पलंगावर ठेवली. कोंबडीची आहे, असं मला सांगितलं. तुम्ही या. लग्नाचं आपण काहीतरी बघू.

लिविया